बाळंतशेपा खायच्या कुणी?

पत्र पुण्यातल्या एका वाचक ताईंचं आहे. पहिलं बाळंतपण, बाळ पाच आठवड्यांचं. माहेरी जाणं जमलं नाही म्हणून सासूबाई सोलापूर जिल्ह्यातल्या गावाहून येऊन राहिल्या आहेत. बाळ रोज दिवेलागणीला रडायला लागतं, ते नऊ-साडेनऊपर्यंत थांबत नाही. सासूबाईंच्या मते त्याच्या पोटात वात धरतो. बाळंतशेपा, म्हणजे शेपूचं बी, उकळून ते पाणी चमच्यानं पाजावं असा त्यांचा आग्रह, आणि ताई आंघोळीला गेलेल्या असताना त्यांनी दोनदा पाजलंही. संध्याकाळी ओवा-बाळंतशेपांची धुरी असते ती वेगळीच. शेजारणीनं ग्राइप वॉटरची बाटली आणून ठेवली आहे. बालरोगतज्ज्ञांनी मात्र बजावलंय की सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही द्यायचं नाही. नवरा म्हणतो, सगळं थोतांड आहे, तो डबाच फेकून दे. ताई स्वतः रोज जेवणानंतर भाजलेल्या बाळंतशेपा खातात, आठवड्यातून दोनदा शेपूची भाजी असते. ते बंद केलं तर दूध आटेल अशी त्यांना धास्ती वाटते, आणि चालू ठेवलं तर बाळाला वात होईल अशीही. "शेपू औषध आहे की नाही, एवढं एकदा सांगून टाका," असं त्या लिहितात. जाता जाता गॅलरीतल्या कुंडीत शेपू येईल का, हेही विचारलंय.

ताई,

आधी त्या दोन वेळच्या चमच्यांचं. बाळ नेहमीसारखं ओढून पीत असेल, लंगोट भिजत असतील, जागं असताना टकमक बघत असेल, तर पोटात गेलं त्याची काळजी सोडून द्या. स्वतःला अपराधी समजू नका आणि सासूबाईंनाही तसं वाटू देऊ नका. यापुढे मात्र द्यायचं नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवत आले, डॉक्टर नाही. बाळाच्या तब्येतीबद्दल शेवटचा शब्द तुमच्या बालरोगतज्ज्ञांचाच. पण सासूबाई आणि डॉक्टर यांच्यात तुम्हाला जेवढं भांडण दिसतंय तेवढं मला दिसत नाही, आणि ते शेपूकडे नीट बघितलं की लक्षात येतं.

"शेपू औषध आहे की नाही" असं विचारताना तुम्ही शेपू ही एकच वस्तू धरून चालता. तुमच्या घरात तो आत्ता चार रूपांत वावरतोय: मंडईतली जुडी, डब्यातल्या बाळंतशेपा, शेगडीवरचा धूर आणि शेजारणीची बाटली. चारही एकाच मापानं मोजली की गोंधळ होणारच. तुमचे यजमान डबा फेकायला निघालेत तेही याच गोंधळातून.

झाड एकच, अनेथम ग्रॅव्हिओलेन्स. हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली दिलं. आपल्याकडच्या शेपूला काही वनस्पतिशास्त्रज्ञ अनेथम सोवा म्हणून वेगळी जात मानत. आता बहुतेक जण तो त्याच जातीत धरतात. कूळ कोथिंबिरीचं. जिरे, ओवा, बडीशेप, गाजर, एवढंच काय, हिंगसुद्धा याच घरातले. या कुळाची खूण फुलोऱ्यात असते. छत्रीच्या काड्यांसारखे दांडे एकाच बिंदूतून फुटतात आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला पुन्हा तसाच छोटा फुलोरा. शेपूत तो बारीक पिवळ्या फुलांचा. आणि बाळंतशेपांना आपण बी म्हणतो खरं, पण ती फळं आहेत. फळ पिकलं की त्याची दोन शकलं होतात. शकल चपटं, तपकिरी, कडेनं फिकट पातळ पंखाची किनार. बडीशेप हिरवट, लांबट आणि गोलसर असते, तिला अशी किनार नसते. वाण्यानं एकाऐवजी दुसरी दिली का, हे ताटलीत पसरून पाहिलं तर लगेच कळतं.

या प्रत्येक शकलात बारीक लांबट तैलनलिका असतात, पाठीकडून चार आणि आतल्या बाजूनं दोन. चावल्यावर नाकात जातो तो वास तिथला. पानात पाणीच जास्त, तेल जेमतेम. फळात मात्र साधारण दोन ते चार टक्के तेल असतं. म्हणून शेपूची भाजी ही भाजी आहे. मुगाची डाळ आणि भरपूर लसूण घालून केलेली, किंवा तुमच्या सासूबाईंच्या भागात करतात ती ज्वारीच्या पिठाची उकडलेली शेपूफळं, हे अन्न आहे. तिच्याकडून औषधाचं काम मागू नये आणि तिच्यावर औषधाचा संशयही घेऊ नये. (दिवसभर तेच ढेकर येतात, ही तक्रार मान्य. ती अर्ध्या महाराष्ट्राची आहे.) बाळंतशेपांची गोष्ट वेगळी. त्या मसाल्यात मोडतात, थोड्या पुरतात, आणि त्यांच्या तेलाला पोटाच्या बाबतीत खरंच काही गुण असावा. प्रयोगशाळेत उंदरांच्या आतड्याच्या तुकड्यावर शेपाच्या अर्कानं स्नायू सैल पडतो, हे पाहिलेलं आहे. जेवणानंतर बाळंतिणीचं जड झालेलं पोट हलकं वाटतं, या अनुभवाशी ते जुळतं. पण उंदराच्या आतड्याच्या तुकड्यापासून पाच आठवड्यांच्या बाळापर्यंत उडी मारायला मी धजणार नाही. शिवाय आपल्याकडच्या शेपाच्या तेलात कार्व्होन या सुगंधी घटकाबरोबर डिलॅपिओल नावाचा घटक बऱ्यापैकी असतो, युरोपातल्या शेपात तो नावापुरता. तिकडच्या तेलावरून काढलेला निष्कर्षसुद्धा आपल्या डब्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

सासूबाई म्हणतील, हे तुमचं पुस्तकी, आमचं परंपरेचं. तर परंपरेकडेच जाऊ. बाळंतीण आणि बालक यांच्याबद्दलचा आयुर्वेदातला महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. त्यात शतपुष्पा आणि शतावरी या दोन वनस्पतींवर एक स्वतंत्र कल्पाध्याय आहे. शतपुष्पा म्हणजे आपला शेपू. या अध्यायाचा रोख मुख्यतः स्त्रीच्या आरोग्यावर आहे: पाळीच्या तक्रारी, मूल न होणं, अशक्तपणा. बाळाला औषध चाटवण्याबद्दलचा अध्याय त्याच ग्रंथात निराळा आहे, आणि तिथेही कुणाला चाटवावं याच्या जोडीला कुणाला चाटवू नये हेही सांगितलंय. म्हणजे सरसकट सगळ्या बाळांना चमचा, अशी शिकवण तिथेसुद्धा नाही. घरोघरीची रीत बघा: विड्यासोबत, सुपारीत, जेवणानंतर भाजलेल्या बाळंतशेपा खाणारी कोण असते? बाळंतीण. सासूबाई तुमच्या ताटाशेजारी जी वाटी ठेवतात ती योग्य माणसासमोर ठेवतात. पाळण्याकडे जाणारा चमचा तेवढा अडवायचा आहे.

बाटलीची कूळकथा तर आणखी मजेची. ग्राइप वॉटर ही आजीबाईच्या बटव्यातली चीज नव्हे. विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं ती १८५१ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमला तयार केली. पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या भागात हिवतापासाठी मुलांना एक मिश्रण देत, त्यानं तान्ही बाळं शांत होतात असं दिसलं, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. शेपाचं तेल, खायचा सोडा, साखर, पाणी आणि मद्यार्क, असा मूळचा मेळ होता. मद्यार्क साडेतीन टक्क्यांच्या आसपास. बाळ शांत का होत असेल, याचा अंदाज बांधायला वनस्पतिशास्त्र लागत नाही! ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात मद्यार्क काढून टाकावा लागला; आजच्या बाटल्यांत तो सहसा नसतो. तरी गोड चव उरतेच, आणि गोड जिभेवर पडलं की तान्हं बाळ थोडा वेळ रडणं थांबवतं, हे दवाखान्यांतसुद्धा माहीत असलेलं आहे. म्हणून बाटलीनं "गुण आला" असं शेजारीण म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. गुण कशाचा, एवढंच तिला ठाऊक नसतं.

आता रडण्याकडे या, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. बाळ रडतंय म्हणजे पोट दुखतंय, हे घरात सगळ्यांनी गृहीत धरलंय, तुम्ही पण. तसं असेलच असं नाही. निरोगी बाळांचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. वेळ बहुधा संध्याकाळचीच. डॉक्टर ज्याला कोलिक म्हणतात त्याची जुनी व्याख्या दिवसाला तीन तास, आठवड्याला तीन दिवस आणि असं तीन आठवडे रडणं, अशी आहे. कारण अजून नक्की सांगता आलेलं नाही. तुमचं बाळ नेमकं त्या चढावर आहे. यातून एक वाईट गंमत होते. सहाव्या आठवड्यात सुरू केलेला कुठलाही उपाय दहाव्या आठवड्यात लागू पडल्यासारखा वाटतो. पाणी पाजा, धुरी द्या, दृष्ट काढा, काही करू नका, रडणं कमी होणारच. सासूबाईंनी आपली मुलं वाढवताना हेच पाहिलं असणार, आणि डोळ्यांनी पाहिलेलं त्या कशा नाकारतील?

मग शेपाचं पाणी दिलं तर बिघडतं काय, असं तुम्ही म्हणाल. एक तर बाळाचं पोट लहान. पाण्यानं भरलं की तेवढं दूध कमी जातं. दुसरं, चमचा, वाटी, गाळणी, हात यांतून जंतू जायला वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको म्हणते ते याचसाठी. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब किंवा औषध तेवढं त्याला अपवाद. मध चाटवणंही वर्षभर नको, त्यातल्या जिवाणूंमुळे क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि बाजारात बाटलीत मिळणारं शेपाचं तेल असेल तर ते बाळाच्या तोंडाला, नाकाला, पोटाला कुठेच नको. दोन थेंबांत चमचाभर बाळंतशेपांचा अर्क असतो.

धुरीबद्दल मी मऊ बोलणार नाही. बंद खोलीत निखाऱ्यांवर काहीही टाकलं, ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणीच्या साली, तरी बाळाच्या फुप्फुसात जातो तो धूर. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि त्यानं बाळ-बाळंतीण दगावण्याची भीती असते. पूर्वीच्या घरांना कौलं होती, फटी होत्या. तुमच्या फ्लॅटला सरकत्या काचा आहेत. ही एक गोष्ट आजपासून बंद. वाईटपणा हवा तर माझ्या नावावर टाका.

आता तुमची धास्ती. बाळंतशेपांनी दूध वाढतं असं ठामपणे म्हणावं इतका पुरावा नाही. म्हणून खाऊ नका असं मी म्हणत नाही. खाणं थांबवलं तर दूध आटेल, ही भीती तेवढी काढून टाका. दूध वाढतं ते पाजण्यानं. बाळ जितकं ओढेल, छाती जितकी रिकामी होईल, तितकं पुढचं तयार होतं. पाचव्या-सहाव्या आठवड्याला छाती पहिल्यासारखी टचटचीत राहत नाही, कारण शरीराला बाळाचा अंदाज आलेला असतो. आणि नेमकं त्याच आठवड्यांत बाळ संध्याकाळी जास्त रडतं, दर अर्ध्या तासाला छातीला लागायला बघतं. दोन्ही एकत्र बघून "दूध पुरत नाही" असा निष्कर्ष घरोघर निघतो. खरी तपासणी सोपी आहे. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होते का? जन्माचं वजन दोन आठवड्यांच्या सुमाराला परत आलं होतं का, आणि त्यानंतर दिवसाला वीस-तीस ग्रॅमच्या हिशेबानं वाढतंय का? उत्तर हो असेल तर दूध पुरतंय.

तुम्ही शेपू खाल्ला म्हणून बाळाला वात होईल, हेही मनातून काढा. तुमच्या आतड्यातला वायू दुधात उतरत नाही. वास उतरतो. डेन्मार्कमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनदा मातांना काही सुगंधी घटक कॅप्सूलमधून दिले होते. त्यांत शेपातला हाच कार्व्होन होता आणि बडीशेपेतला अॅनेथोलही. दोन्ही साधारण दोन तासांनी दुधात सर्वाधिक सापडले आणि आठ तासांपर्यंत गेलेले होते. मात्रा अगदी अल्प. म्हणजे दुपारी शेपूची भाजी खाल्लीत तर बाळाला तिची ओळख तीन वाजता होते, एवढंच. जेवणानंतर अर्धा-एक चमचा भाजलेल्या बाळंतशेपा आणि आवडेल तेव्हा भाजी, खुशाल खा. काढे, अर्क, मूठ-मूठ पूड हे नको, आणि पुन्हा दिवस राहिले तर तेव्हा तर नकोच. जुन्या वैद्यकात पाळी आणण्यासाठी बाळंतशेपांचा वापर होता, हे लक्षात ठेवा. धणे, जिरे किंवा गाजरानं तुम्हाला अंगावर पित्त उठत असेल तर शेपूशीही जपून, कूळ एकच आहे.

उरल्या सासूबाई. त्यांना "पाजू नका" एवढंच सांगितलंत तर त्यांच्या हाती काय राहतं? सुनेच्या घरी पाहुणी म्हणून बसायचं आणि नातवाचं रडणं ऐकायचं. दिवेलागणीची वेळ त्यांच्याकडे द्या. बाळाला खांद्यावर उभं धरून ढेकर काढणं, पदराखाली घेऊन अंधाऱ्या खोलीत फेऱ्या मारणं, गुणगुणणं, पायांवर घेऊन पोटाला हलक्या हातानं मालिशचं नेहमीचं तेल लावणं, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येत असणार. तुम्ही तेवढ्यात जेवून घ्या. आणि पुढच्या आठवड्यात दीड महिन्याच्या लसी आहेत, त्या वेळी सासूबाईंनाच बरोबर न्या. यजमान घरी थांबले तरी चालेल. वजन त्यांच्या डोळ्यांसमोर होऊ दे, आणि शेपाच्या पाण्याचा प्रश्न त्यांना स्वतः डॉक्टरांना विचारू दे. सुनेच्या तोंडून आलेला निरोप आणि समोरासमोर मिळालेलं उत्तर यांत फार फरक पडतो. तुमच्यासारखी दवाखान्याची सोय जवळ नसेल, तर अशा वाचकांनी आशाताईंना घरी आल्यावर हेच आजीसमोर बोलायला सांगावं. पहिल्या दीड महिन्यातल्या त्यांच्या भेटी त्यासाठीच असतात.

यजमानांना सांगा, डबा राहील. तो तुमचा आहे. त्यांना इतकंच करायचं असेल तर रात्री आठ ते नऊ बाळ त्यांनी घ्यावं. बाळ कुणाच्यानंच आवरत नसेल आणि डोकं फिरायची वेळ आली, तर त्याला पाठीवर नीट झोपवून पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत गेलेलं चालतं. रागानं हलवणं, हिसकणं कधीच नाही.

एक मात्र वाट न बघता: अंग ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त तापलं, उलटी हिरवी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, पोट फुगून टणक झालं, बाळ प्यायचं थांबलं किंवा निपचित पडलं, तर शेपा-बिपा काही न करता थेट दवाखाना. आणि तुमचं स्वतःचं मन दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास राहिलं, कशात लक्ष लागेना, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणंच आहे.

सहा महिने झाले की शेपू बाळाच्या वाटीत यायला हरकत नाही. मऊ मुगाच्या खिचडीत कोवळी पानं बारीक चिरून, चांगली शिजवून. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं होतं की ज्यांच्या आयांनी गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस घेतला, त्या बाळांनी गाजराच्या चवीचं पहिलं अन्न कमी तोंड वाकडं करून खाल्लं. गाजर शेपूचं सख्खं नातेवाईक. शेपूचंही तसंच होईल अशी मला आशा आहे, खात्री नाही.

कुंडीचं म्हणाल तर जरूर लावा, दिवाळीनंतर. शेपूला सोटमूळ असतं, रोप उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला सोसत नाही, म्हणून वीतभर खोल कुंडीत बी थेट पेरा. आठ-दहा दिवसांत उगवतो, दीडेक महिन्यात पहिली खुडणी. ऊन तापायला लागलं की पानं सोडून फुलोऱ्याच्या मागे लागतो, तेव्हा दोन झाडं तशीच राहू द्या, बाळंतशेपा घरच्या होतील. बियाण्याच्या दुकानातलं रंगीत पूड चोळलेलं बी पेरायला ठीक, त्यातलं उरलेलं मात्र डब्यात टाकू नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. नाहीतर सासूबाईंच्या डब्यातल्याच चिमूटभर पेरा, जुन्या झाल्या नसतील तर येतात. फक्त भाजलेल्या नाहीत ना, ते आधी विचारा.